दही वेगळे, वाण वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच आलेला घरच्या दह्यावरील लेख आमच्या इमारतीत बराच वाचला गेला. त्यात जाता जाता एक वाक्य होते, की ओडिशात नवजात बाळांना प्रोबायोटिक देऊन जंतुसंसर्ग रोखला गेला आणि हेच प्रोबायोटिक आपल्या रोजच्या दह्यात असते. त्यानंतर दोनच दिवसांनी शेजारच्या आजींनी वीस दिवसांच्या नातवाला चाटवण्यासाठी दह्याच्या निवळीत बोट बुडवले. सुनेने वेळीच हात धरला म्हणून निभावले. आजींचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी छापील मजकुरावर विश्वास ठेवला होता. मी महाविद्यालयात सव्वीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले असल्यामुळे त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग किती मोलाचा आहे आणि दुसरा किती चुकीचा, हे सांगणे मला माझे काम वाटते.

ओडिशातील ते संशोधन डॉ. पिनाकी पाणिग्रही यांचे. मूळ बालरोगतज्ज्ञ असलेले पाणिग्रही त्या वेळी अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात होते, आणि 'नेचर' या नियतकालिकात 2017 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या त्यांच्या निबंधामागे जवळपास वीस वर्षांची खटपट होती. या वर्षांतला मोठा भाग बाळांना काही देण्यात गेला नाही, तो कोणता जिवाणू द्यायचा हे ठरवण्यात गेला. पाणिग्रही व त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीचशेहून अधिक वाण, म्हणजे जिवाणूंच्या जातींतले पोटप्रकार, तपासले. नवजात बाळाच्या आतड्यात टिकून राहील, रोगजंतूंना तेथे थारा मिळू देणार नाही आणि स्वतः उपद्रव करणार नाही, असा वाण त्यांना हवा होता. बाजारात नावाजलेला जिवाणू उचलून थेट चाचणी सुरू केली असती तर वर्षे वाचली असती, पण असा जिवाणू पोटातून नुसता वाहून गेला असता तर अपयश कशाचे, हेही कळले नसते. अखेर लॅक्टोबॅसिलस प्लांटेरमचा एक वाण निवडला गेला. मोजक्या बाळांवर आधी घेतलेल्या चाचणीचा अहवाल 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. डोस थांबल्यानंतरही हा वाण बाळांच्या विष्ठेत कित्येक आठवडे सापडत होता, हे त्यात दिसले. शोधनिबंधांत त्या वाणाच्या नावापुढे एक क्रमांक असतो. वृत्तपत्रांत नेमका तोच गळतो. गावाचे नाव लिहून घर क्रमांक गाळावा, तसे हे होते.

मुख्य चाचणी ओडिशाच्या खेड्यांत 4,556 बाळांवर झाली. ही बाळे किमान दोन किलो वजनाची, किमान 35 आठवडे पूर्ण करून जन्मलेली आणि अंगावरचे दूध पिऊ लागलेली होती. निम्म्यांना सात दिवस रोज सुमारे शंभर कोटी जिवंत जिवाणू आणि त्यांचे खाद्य म्हणून दीडशे मिलिग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड दिले गेले, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी पण जिवाणू नसलेली पूड मिळाली. कोणाला काय मिळाले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. पहिले साठ दिवस बाळांवर लक्ष ठेवले गेले. सेप्सिस (रक्तात व शरीरभर पसरणारा गंभीर जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण साध्या पुडीच्या गटात नऊ टक्के होते, ते जिवाणूंच्या गटात 5.4 टक्क्यांवर आले. म्हणजे अठ्ठावीसेक बाळांना हा आठवड्याचा डोस दिला की त्यांतले एक सेप्सिस किंवा मृत्यूपासून वाचते, असा हिशोब निघतो. फरक इतका ठळक होता की ठरलेली संख्या पूर्ण होण्याआधीच चाचणी थांबवण्यात आली, आणि सगळ्या डोसचा खर्च एका डॉलरच्या आसपास होता. मात्र दोन्ही गटांत मृत्यू फारच थोडे झाले, त्यामुळे हा लाभ मुख्यतः आजार टळण्याचा आहे, आणि 'मृत्यू चाळीस टक्क्यांनी घटले' असे छापणे बरोबर नाही. मी तसे मथळे पाहिले आहेत.

महाराष्ट्राच्या वाचकाला या कामाचे मोल चटकन कळावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांमार्फत घरोघरी नवजातांची काळजी घेऊन, सेप्सिसवर गावातच इंजेक्शन देऊन, नवजात मृत्यू किती खाली आणता येतात हे 1999 मध्येच दाखवले होते. तेथे संसर्ग ओळखून उपचार करणे होते. ओडिशात तो होऊच न देणे होते. रुग्णालय दूर असलेल्या आईला दोन्ही हवे आहेत.

याचा अर्थ कोणत्याही बाळाला कोणतेही प्रोबायोटिक द्यावे, असा होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांबाबत इशारा दिला, कारण प्रोबायोटिक दिलेल्या अशाच एका बाळाच्या शरीरात तोच जिवाणू पसरला आणि ते दगावले. एक वाण एका वयाच्या, एका वजनाच्या बाळाला तारक ठरला, म्हणून दुसरा वाण दुसऱ्या बाळाला निर्धोक ठरत नाही.

आता दह्याविषयी. विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात मी घरचे दही आणायला सांगत असे. काचपट्टीवर दह्याचा पातळ थर पसरून ग्रॅम रंजन (जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) केले, की भिंगाखाली जांभळ्या गोलाणूंच्या जोड्या आणि साखळ्या दिसत, कुठे कुठे लांबट दंडाणूही दिसत, आणि दहा घरच्या दह्यांत दहा निराळी चित्रे निघत, कारण विरजण प्रत्येक घरचे वेगळे, त्याची उब वेगळी आणि आंबण्याची वेळही वेगळी. पदार्थ उत्तमच आहे. प्रथिने, कॅल्शियम, पचायला हलके आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांनाही बहुधा सोसणारे. पण जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केलेल्या व्याख्येप्रमाणे पुरेशा मात्रेत घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. आपल्या दह्यात कोणता वाण आहे आणि किती, हे आपल्याला सांगता येत नाही. कढी उकळली की त्यातला 'जिवंत' हा शब्दही गळून पडतो (कढीची चव मात्र शाबूत राहते).

औषधाच्या दुकानातल्या पुड्यांचीही गत फार निराळी नाही. आपल्याकडे अनेक वर्षे 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस' या नावाने विकला गेलेला जिवाणू मुळात लॅक्टोबॅसिलस नव्हेच, तो बॅसिलस कोअॅग्युलन्स. प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात दिवसाच्या मात्रेमागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत, अशी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची अट आहे. वेष्टनावर हा आकडा आणि वाणाचे पूर्ण नाव शोधून पाहण्याची सवय ग्राहकांनी लावून घेतली, तर कंपन्याही ते ठळक छापतील.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा संशोधनाची बातमी देताना वाण, मात्रा, किती दिवस आणि कोणत्या वयाच्या व वजनाच्या बाळांना, या चार गोष्टी एका ओळीत छापाव्यात, आणि ही दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर घ्यावी. शेजारच्या आजी तेच पान वाचतात.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, सांगली