अभ्यासगट : शनिवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता ऑनलाइन बैठक आहे. विषय : अमेरिकन सेनानी जॉर्ज मार्शल यांची गणवेश उतरवल्यानंतरची कारकीर्द.

दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेचे लष्करप्रमुख. १९४५ च्या अखेरीस चीनमध्ये राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात मध्यस्थीला गेले, ती फसली. (यावर कुणी बोलणार असेल तर आधी कळवा, हा भाग नेहमी गाळला जातो.) १९४७ मध्ये परराष्ट्रमंत्री. त्याच वर्षी ५ जूनला हार्वर्डला मानद पदवी घ्यायला गेले आणि छोटेखानी भाषणात युरोपच्या पुनर्उभारणीचा प्रस्ताव मांडून आले. भाषणात रकमेचा आकडा नव्हता. पुढाकार युरोपनेच घ्यावा, एवढंच ठाम सांगितलं. पुढे सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत गेली. मग अमेरिकन रेड क्रॉसचं अध्यक्षपद, संरक्षणमंत्रिपद आणि १९५३ चं शांततेचं नोबेल.

तुलनेसाठी, विद्यापीठ चालवणाऱ्या सेनानीचं उदाहरण म्हणून आयझेनहॉवर (महायुद्धातले सेनापती, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष) घेऊ. १९४८ ते १९५३ ते कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष होते, पण १९५० च्या अखेरीस नाटोच्या कामासाठी रजेवर गेले. लष्करी शिस्त प्राध्यापकांपुढे कितपत चालते, यावर वाद होणारच, तयारीनिशी या.

बोलू इच्छिणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नाव द्यावं. प्रत्येकी दहा मिनिटं, जास्त नाही.