मागच्या बाकावरच्या मावशींना

२४ डिसेंबरला बेळगावात, कॅम्पातल्या चर्चमध्ये मुलांची नाताळ उपासना होती. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चारही रविवार तालीम करून आमचा चार वर्षांचा लेक मेंढरू झाला होता. गव्हाणीपाशी पोचला, माईक किंचाळला आणि यानं कापसाच्या अंगरख्यातच शू केली. रडारड! सुके कपडे खानापूरला, घरी. मी त्याला उचलून पळणार, तोच तुम्ही अंगावरची शाल काढून त्याला लुंगीसारखी गुंडाळलीत, सेफ्टी पिन लावलीत. म्हणालात, "अळबेड (रडू नकोस) बाळा, आता तू मेंढपाळ!" एका मोठ्या मुलानं आपली काठीही दिली. शेवटच्या गीतापर्यंत पठ्ठ्या हलला नाही.

नंतर गर्दीत तुम्ही दिसलाच नाहीत. मावशी, मनापासून आभार. शाल धुऊन ठेवलीय. कोपऱ्यात पिनेचं भोक मात्र राहिलंय. रविवारी घेऊन येतो.