भगताला वगळून कसे चालेल?

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त (१० ऑक्टोबर) आपल्या अंकातील लेखात आरेच्या आदिवासी पाड्यांवर समुपदेशन शिबिरे घ्यावीत, असे सुचवले आहे. सूचना चांगली, पण भगताला, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक उपचार करणाऱ्याला, ‘अंधश्रद्धा’ म्हणून एका ओळीत निकालात काढणे पटले नाही.

मी तिथल्या एका पाड्यावर मुलांची शिकवणी घेते. मागे एका शिबिरात छापील प्रश्नावली आली होती: ‘उदास वाटते का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही.’ एक वारली आजी पदराचे टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली. तीच संध्याकाळी भगताच्या ओट्यावर झोप उडाल्याचे तासभर सांगत होती. (अहवालात ती बहुधा ‘कधीच नाही’मध्ये गेली असेल.)

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार सेवा रुग्णाला व कुटुंबाला स्वीकारार्ह वाटेल अशीच द्यायची आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ उपक्रमात मुजावरच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. अघोरी उपचारांसाठी आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, तो जरूर लावावा. बाकीच्या भगतांना गंभीर लक्षणे ओळखायला शिकवून जवळच्या रुग्णालयाशी जोडावे.

– एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई