आठवीपर्यंत आरटीई, नववीत काय?

मा. संपादक, नमस्कार.

दरवर्षी आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत प्रवेशांची, लॉटरी लागली की बातम्या येतात, अर्ज किती, जागा किती, साइट कशी हँग झाली. पण हीच मुलं आठवी पास झाल्यावर त्यांचं काय होतं ते कोणीच छापत नाही, म्हणून लिहितेय.

२००९ चा कायदा ६ ते १४ वयाचा, म्हणजे पहिली ते आठवी. खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांवर घेतलेल्या मुलांची फी तोवर सरकारने द्यायची, आणि नववीला वर्ग तोच, बाई त्याच, फी मात्र पूर्ण. आमच्या शेजारच्या ताई चार घरची धुणीभांडी करतात, नवऱ्याची रिक्षा भाड्याची. मुलीचा आठवीचा निकाल लागला आणि शाळेचा व्हॉट्सअॅपवर मेसेज, पहिला हप्ता भरा नाहीतर दाखला घेऊन जा. पहिलीपासून इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली पोर, गणित-सायन्स सगळं इंग्लिशमधून, तिला ऐन दहावीच्या तोंडावर कुठल्या मराठी शाळेत बसवायची सांगा? शेवटी बचत गटातून कर्ज काढून हप्ता भरला, दहावीच्या वर्षाचं अजून काहीच ठरलेलं नाही. तिच्याच वर्गातल्या बाकीच्यांचे त्याच महिन्यात दहावीचे क्लास लागले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना आरटीईतून सूट दिली होती, जुलैमध्ये हायकोर्टाने ते रद्द केलं म्हणून बरं. आणि त्याच जुलैमध्ये ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंग-मेडिकलची फी माफ झाली. चांगलाच निर्णय आहे, मनापासून सांगते. पण तिथवर जायला आधी दहावी-बारावी व्हावी लागते ना! ह्या मुलीसाठी मधली चार वर्षं कोरडीच, आणि घरची परिस्थिती नेमकी तिथेच आडवी येते.

शाळांची तक्रारही खोटी नाही, प्रतिपूर्तीचे, म्हणजे ह्या मुलांच्या फीपोटी सरकारकडून यायचे पैसे वर्षानुवर्षं थकतात मग त्या नववीला एक दिवसही थांबत नाहीत. ते थकलेले पैसे आधी द्या. आरटीई बारावीपर्यंत न्या, केंद्र करेल तेव्हा करेल, राज्याला स्वतःच्या पैशातून आजही करता येईल. आणि तोपर्यंत निदान एवढं तरी करा की नववीच्या फीसाठी आरटीईच्या एकाही मुलाच्या हातात दाखला द्यायचा नाही, असं लेखी पत्र शिक्षणाधिकाऱ्यांनी जूनच्या आत प्रत्येक शाळेला पाठवावं.

आपली,
एक वाचक, हडपसर