एकाच फळावर डाग होता

सांगोला,
१४ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

तीन वर्षं झाली, तुला ना पत्र ना फोन. चूक माझी आहे. पण आज डाळिंबाच्या बागेत जे झालं ते घरात सांगून कुणाला कळायचं नाही, म्हणून रात्री वहीची पानं फाडून बसलोय. मी बरा आहे, आईचा गुडघा तसाच.

सकाळी तिसऱ्या ओळीत एका फळावर डाग दिसला. फळ लिंबाएवढं, डाग काळपट, तेलकट, मधोमध बारीक चीर. तेल्या, डाळिंबाची बाग खाणारा रोग. गेल्या आठवड्यात आभाळ येऊन दोन दिवस झिमझिम झाली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पूर्वीचा मी असतो तर तिथंच मटकन बसलो असतो, नाहीतर दुकानदार देईल ती बाटली आणून रात्रीच फवारली असती. आज मी फळ तोडून पिशवीत घातलं. आजूबाजूची आठ झाडं खालून वर बघितली, आणखी दोन फळं निघाली. बांधाबाहेर नेऊन तिन्ही जाळली आणि वहीत ओळ नि झाडाचा नंबर लिहिला. हात थरथरला नाही, बाळ्या. आणि जाळ विझेपर्यंत तूच डोळ्यांपुढे होतास.

२०२२ चा तो उन्हाळा तू बघितलायस. खोड पोखरणारी कीड, खोडाला टाचणीएवढी भोकं, बुडाशी पिठासारखा भुसा. आपल्या तालुक्यात तेव्हा बागाच्या बागा गेल्या. माझी दोन एकरातली भगवा जातीची सहाशेवर झाडं जेसीबीनं उपटली. जेसीबीवाला जेवायला थांबला तेव्हा मुळं वर आलेल्या एका झाडाला कळी दिसली. मी ती तोडून खिशात ठेवली. कशासाठी, ते अजून सांगता येत नाही.

आणि त्याच संध्याकाळी स्टँडवर तू म्हणालास, "तू कुणाला विचारत नाहीस, म्हणून बाग गेली." मी म्हणालो, महिन्याला पगार घेणाऱ्यानं मला शेती शिकवू नये. तू चाकणला जायला गाडीत बसलास, मी हातसुद्धा केला नाही. तो दिवस ते बोलायचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण बोललास ते खरं होतं.

नंतर किती जण धीर द्यायला आले! "खचू नको" म्हणायचे, चहा घ्यायचे, जायचे. त्यानं अंगात बळ आलं नाही. मला उठवलं म्हशींनी. पहाटे पाचला धार काढायचीच, मन असो नसो. तिथून पुढं रिकाम्या रानात चक्कर, मग एखादं काम. असे सहा महिने गेले, तेव्हा कुठं सोलापूरला केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, मला हे येत नाही, सांगा. फवारणीच्या बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना, हे मला पाठ होतं. पण मिश्रणात घासलेला विळा बुडवायचा आणि त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, हे ठाऊक नव्हतं. बारा वर्षं विळा माझ्याच हातात होता रे!

आता शेजारच्या पोरालाही विचारतो, तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पावसाळ्याच्या तोंडी धरायचा मृग बहार सोडला, नव्या बागेचा हा पहिलाच हस्त, म्हणजे पावसाळा सरताना धरलेला बहार. फूल यायच्या आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, पावसामुळं तो बसतो की नाही, ही धाकधूक होती. पण पुढं फळ फुगताना हवा कोरडी मिळते. बसला ताण. फूल आलं तेव्हा आई बांधावर येऊन बसली, काही बोलली नाही.

भीती गेली असं समजू नकोस. सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. तीन फळांची उद्या तीस होतील का, या विचारानं आत्ता झोप नाही. पण उद्या उजाडल्यावर काय करायचं ते मला माहीत आहे, आणि अडलं तर कुणाला विचारायचं तेही.

तुझं काय? बदली झाली का? पोरीची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार सांग.

मार्चअखेर तोडणी निघेल. सगळ्यांना घेऊन ये. ती धामण अजून विहिरीकडंच असते, तिला बिचकून तू पाठीवरच्या फवारणीच्या पंपासकट पुन्हा टाकीत पडू नयेस म्हणून झाकण लावून ठेवतो.

रविवारी फोन करतो. उचल.

तुझाच,
दादू