कानापुढचे छिद्र आणि घाईघाईने दिलेली चीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कानाच्या वरच्या कडेची कमान जिथे चेहऱ्याला येऊन मिळते, तिथे काही मुलांना जन्मतःच टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. घरात ते सर्वांना ठाऊक असते. आजीला आहे, मामालाही आहे, म्हणून कोणी त्याकडे पाहत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत पाहायची गरजही पडत नाही. अडचण सुरू होते ती त्यात पू झाल्यावर. साधे गळू समजून चीर दिली जाते, काही आठवड्यांनी तिथेच पुन्हा फुगते, पुन्हा चीर दिली जाते. मूल प्लास्टिक सर्जनकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पोचते तोवर कानापुढची कातडी विरलेली, व्रणांनी आखडलेली असते. हे बहुतांशी टाळता येते, म्हणून हे पत्र.

गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात कानाच्या जागी सहा छोटे उंचवटे येतात आणि एकमेकांत मिसळून कानाला आकार देतात. हे मिसळणे कुठे अपुरे राहिले, की तिथे ही बारीक नळी उरते. बऱ्याच घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या उतरते, मधली एखादी पिढी सोडूनही. ग्रहणात विळी हातात घेतली, सुईत दोरा ओवला, म्हणून बाळाच्या कानाला भोक पडले, असे म्हणत आईला बोल लावणे अजून थांबलेले नाही. ते थांबले पाहिजे. कान घडू लागतो तेव्हा दिवस गेल्याचे जेमतेम कळलेले असते, आणि विळी-सुईचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

बाहेर दिसते ते नुसते तोंड. आतली नळी त्वचेच्याच अस्तराची असते, त्यामुळे त्वचेवरून झडतात तशा मृत पेशी तिच्यातही झडत राहतात. दाबल्यावर येणारा पांढरा, वास मारणारा चोथा तो हाच. तोंड बंद झाले, की तो आत कोंडतो आणि त्वचेवरचे जंतू, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस, त्यात वाढतात. म्हणून छिद्र रोज दाबून 'साफ' करण्याची सवय घातक. अंघोळीच्या वेळी वरवर धुतले, पुसून कोरडे केले, एवढे पुरे. काडी, पिन, कापसाचा बोळा आत घालायचा नाही. त्रास न देणाऱ्या छिद्रावर शस्त्रक्रियाही नको.

आता चूक नेमकी कुठे होते ते पाहू. गळू छिद्रावरच येते असे नाही. पुष्कळदा ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे, गालाच्या बाजूला येते. तपासणाऱ्याची नजर गळूवर असते, छिद्र कानाच्या कडेला केसांआड राहते. कोणी त्याला केसतूड म्हणतो, कोणी चरबीची गाठ पिकली म्हणतो, वारंवार वाहू लागले की क्षयाची शंका घेतली जाते. कानापुढे गळू दिसले, की आधी कमानीच्या मुळाशी छिद्र आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या कानालाही पाहावे. एवढ्या सवयीनेच बरेच गैरनिदान टळेल.

घरी बिब्बा किंवा हळद-चुन्याचा लेप लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी टाके धरायला चांगली कातडी उरत नाही. गळू झालेच, तर प्रतिजैविक तोंडावाटे द्यावे. ताप असेल, लाली गालभर पसरली असेल, तर शिरेतून द्यावे. पू साचून मऊ पडला असेल, तर आधी जाड सुईने ओढून काढावा आणि तपासणीला पाठवावा, म्हणजे औषध अंदाजाने बदलत बसावे लागत नाही. सुईने भागले नाही, तरच चीर द्यावी, ती लहान, आणि पुढच्या शस्त्रक्रियेची रेषा ध्यानात ठेवून. अश्रुनलिकेसाठी वापरतात ती बोथट बारीक सळई छिद्रातून सरकवून पू त्याच वाटेने बाहेर काढता येतो. मग कातडीवर नवी जखम करावीच लागत नाही. आम्हाला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

गळू असतानाच 'मुळासकट काढून टाका' असा आग्रह घरचे धरतात. तो मानू नये. सुजलेल्या मांसात नळी कुठे संपते ते दिसत नाही, ती फाटते, तुकडा मागे राहतो. लाली, सूज, स्राव पूर्ण थांबल्यावर साधारण ४ ते ६ आठवडे जाऊ द्यावेत. आणि इथेच दुसरी चूक होते: सूज उतरली की लोक परत येतच नाहीत. पण एकदा पू झालेली नळी पुन्हा पिकण्याचा संभव मोठा असतो. शस्त्रक्रियेची योग्य वेळ तीच, सगळे शांत असतानाची.

शस्त्रक्रिया लहान दिसते, सोपी नसते. छिद्राभोवती लंबगोल छेद घेऊन नळीच्या मागे मागे जायचे, ही जुनी पद्धत. नळीला केसासारखे बारीक फाटे असतात. ते दिसावेत म्हणून नळीत निळा रंग भरला तरी सगळ्या फाट्यांत तो शिरत नाही, आणि नळी फुटली तर आजूबाजूचे सगळेच निळे होते. म्हणून छेद कानाच्या वरच्या बाजूला वाढवतात, कानशिलाच्या स्नायूवरचे पांढरे आवरण शोधतात, आणि त्या आवरणापासून कानाच्या कूर्चेपर्यंतचा (लवचीक हाडापर्यंतचा) सगळा मऊ भाग नळीसह एका तुकड्यात काढतात. नळी कूर्चेला जिथे चिकटते तिथला कूर्चेचा छोटासा काप बरोबर घ्यावा लागतो. तो सोडला, तर पुन्हा पू होण्याचे कारण जागेवरच राहते. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मुलांवरच्या शस्त्रक्रियांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात जुन्या पद्धतीने ४२ टक्के, तर या पद्धतीने ५ टक्के मुलांत तक्रार उलटली होती. भिंगाखाली काम करणे, पोकळी आतून टाके घेऊन बुजवणे आणि एक-दोन दिवस दाबपट्टी ठेवणे, यात हयगय झाली तर रक्त साचते आणि तेच पुढे पिकते. टाके आठवड्याच्या आत निघतात. पूर्वी चिरा दिलेल्या असतील, तर व्रणाची कातडीही काढावी लागते, आणि कधी जवळची कातडी सरकवून जागा भरावी लागते.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. छिद्र कमानीपाशी नसून कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या कोनाजवळ असेल, तर तो वेगळा जन्मदोष असू शकतो. त्याची वाट लाळग्रंथीतून, चेहऱ्याच्या मज्जातंतूला खेटून जाते. तिथे एमआरआयशिवाय सुरी लावली, तर चेहरा वाकडा होण्याचा धोका असतो.

छिद्र असलेल्या प्रत्येक बाळाची श्रवणचाचणी व्हावी. छिद्राबरोबर मानेवरही छिद्र असेल, कान वेडावाकडा असेल किंवा घरात बहिरेपण असेल, तर मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करावी, कारण कान, मान आणि मूत्रपिंड यांचे दोष एकत्र येणारा एक आनुवंशिक विकार आहे. नुसत्या छिद्रासाठी सोनोग्राफीची गरज नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात, आणि जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहेच. कान तपासतानाच कमानीपुढे आणि मानेवर नजर टाकून दोन्ही बाजूंची नोंद कार्डावर करावी, अशी आमची आरोग्य विभागाला विनंती आहे. याला नवे यंत्र लागत नाही, नवा माणूसही लागत नाही. पू होऊन गेलेल्या मुलाच्या पालकांनी तज्ज्ञाकडे जाताना तीन गोष्टी न्याव्यात: सूज असतानाचा मोबाइलवरचा फोटो, पुवाच्या तपासणीचा अहवाल, आणि आजवर किती वेळा व कुठे चीर दिली त्याचे कागद.

– एक प्लास्टिक सर्जन, सातारा