प्रस्तावना शेवटी वाचायला लावणाऱ्या ग्रंथपालबाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

"रहस्यकादंबरी हवीय, जुनी चालेल, पण खिळवून ठेवणारी द्या," असं म्हणत देवघेवीच्या टेबलाशी कुणी आलं की तुम्ही लगेच पुस्तक काढून देत नाही. आधी विचारता, "तुम्हाला काय कळायची घाई असते? कुणी केलं ते, कसं केलं ते, की हा यातून सुटतो का ते?" या एका प्रश्नामुळे किती जणांची जुन्या रहस्यकादंबऱ्यांशी गट्टी जमली, याचा हिशेब तुम्ही ठेवला नसणार. आम्ही त्यातलेच काही वाचक. तुमचे आभार मानायचे आहेत, आणि तुम्ही दिलेलं नव्या वाचकांच्याही हाती पडावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

सगळी रहस्यं एका जातीची नसतात, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. वाचकाला किती माहीत आहे, त्यावर जात ठरते. कोड्याच्या कादंबरीत तो तपास करणाऱ्याच्या एक पाऊल मागे असतो. पाठलागाच्या कादंबरीत नायकाला जेवढं कळतं तेवढंच त्यालाही कळतं. तिसऱ्या जातीत मात्र वाचकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि खरा जीव टांगणीला लागतो तो तिथे. हे समजावताना तुम्ही आल्फ्रेड हिचकॉकचा दाखला देता: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंद टिकतो. आधीच ठाऊक असेल, तर त्याच टेबलाभोवतीच्या साध्या गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकाव्या लागतात.

"गुन्हेगार कोण ते पहिल्याच पानावर कळलं, आता वाचायचं कशाला?" असं म्हणून पुस्तक परत करायला येणाऱ्याला तुम्ही फ्रान्सिस आइल्सची 1931 सालची 'मॅलिस अफोरथॉट' पुढे करता. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय की एका डॉक्टरनं बायकोला मारायचं ठरवलंय. त्यापुढची सगळी पानं त्याला ते जमतं का आणि पचतं का, यावर चालतात. 1971 ची 'द डे ऑफ द जॅकल' याच वाटेनं आणखी पुढे जाते. फ्रान्सच्या अध्यक्षांचा, द गॉल यांचा खून होणार नाही, हे इतिहासच सांगतो. ते 1970 मध्ये नैसर्गिक मृत्यूनं गेले. तरीही मारेकऱ्याची कागदपत्रं, बंदूक, रस्ते, वेषांतर यांची तयारी वाचताना घसा कोरडा पडतो. गुन्हेगार किंवा शेवट माहीत असूनही पान उलटत राहणं म्हणजे काय, ते या दोन पुस्तकांनी नीट कळतं.

आता प्रस्तावनेबद्दल. अभिजात म्हणून पुन्हा छापलेल्या कादंबऱ्यांना अभ्यासकांच्या लांबलचक प्रस्तावना असतात, आणि वाचकानं पुस्तक आधीच वाचलंय असं धरून त्या लिहिलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच गुन्हेगाराचं नाव येऊन जातं. म्हणून तुम्ही दोन बोटं रुंदीची कागदी पट्टी त्या पानांभोवती गुंडाळता आणि पेन्सिलीनं लिहिता, "आधी कादंबरी, मग हे." पट्टीची टोकं फक्त एकमेकांना चिकटवलेली असतात, पानाला डिंक लागत नाही. कादंबरी संपली की पट्टी सरकवून काढायची आणि प्रस्तावना वाचायची. त्या वेळी ती खरोखर गोड लागते, कारण लेखकानं कुठे काय दडवलं होतं ते दिसू लागतं. मलपृष्ठावरचा मजकूरही पहिल्या चार ओळींच्या पुढे वाचायचा नाही. अनुक्रमणिकेवर तर नजरसुद्धा टाकायची नाही, कारण जुन्या कादंबऱ्यांत प्रकरणांची शीर्षकंच कधीकधी सगळं सांगून बसतात.

विल्की कॉलिन्सच्या जाडजूड कादंबऱ्यांना आम्ही हात लावला तो केवळ तुमच्यामुळे. 'द वुमन इन व्हाइट' 1859-60 मध्ये एका साप्ताहिकात चाळीस हप्त्यांत आली. "ती एका दमात वाचायला लिहिलेलीच नाही," हे तुमचं म्हणणं. शे-सव्वाशे पानं सलग वाचली की वर्णनं अंगावर येतात, तोचतोचपणा जाणवतो आणि पुस्तक बाजूला पडतं. हप्त्यांची वाचायची तर हप्त्यांसारखीच: रोज दोन-तीन प्रकरणं, तीन आठवडे. मग प्रत्येक हप्त्याच्या शेवटी ठेवलेला फास बरोबर आवळतो. कोर्टात साक्षीदार एकामागून एक उभे राहावेत, तशी तिथे निवेदकांची रांग आहे. 1868 च्या 'द मूनस्टोन'मध्येही तसंच. जो बोलतोय त्याला फक्त त्यानं पाहिलेलंच माहीत, म्हणून निवेदक बदलला की थांबून स्वतःला विचारायचं: यानं काय पाहिलेलं नाही? त्या न पाहिलेल्या जागेतच बरंचसं रहस्य असतं.

खुणेची चिठ्ठीसुद्धा तुमचीच. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर जास्तीत जास्त आठ नावं, आणि प्रत्येकापुढे तीनच गोष्टी: कोण, कुणाचा कोण, शेवटचा कुठे दिसला. इंग्रजी कादंबऱ्यांत एकाच माणसाला कुणी आडनावानं हाक मारतं, कुणी पदवीनं, कुणी लाडाच्या नावानं. चाळिसाव्या पानाशी दोन माणसांची तीन होतात आणि तिथेच बहुतेकांचा हात सुटतो. सगळी हाकनावं एका ओळीत लिहिली की हा घोळ होत नाही. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण कोड्याच्या कादंबरीत कोण कुठे होतं, यावरच सारा डोलारा उभा असतो.

वेळेचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोड्याची कादंबरी चार दिवसांत संपवावी, आठवडाभर रेंगाळली की धागेदोरे विसरतात, आणि मग उलगडा वाचताना "हे कधी सांगितलं होतं?" असं वाटून लेखकावर उगाच राग निघतो. पाठलागाची एक-दोन बैठकींत. आणि पुस्तक जमत नसेल तर सोडायचं कधी, तर एकूण पानांचा दहावा हिस्सा वाचून झाल्यावर; त्याआधी नाही. सहाशे पानांच्या कादंबरीला साठ पानं द्यायलाच हवीत. तेवढ्यात एकही प्रश्न मनात अडकला नसेल, तर खुशाल परत करावं.

अनुवाद निवडतानाची तुमची खबरदारी तर फार मोलाची. मूळ आणि अनुवाद यांच्या पानांची तुलना फसवी असते, अक्षराचा आकार वेगळा असतो. म्हणून प्रकरणं मोजायची. मुळात तीस आणि अनुवादात एकोणीस असतील, तर कात्री लागली आहे. संक्षेप करणारा साहजिकच जे अनावश्यक वाटतं ते कापतो: जेवणाच्या टेबलावरची बडबड, घड्याळाची वेळ, कुणीतरी खिडकी लावून घेणं. कोड्याच्या लेखकानं सुगावा नेमका अशाच कंटाळवाण्या ओळीत पेरलेला असतो. तो कापला गेला की शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटतो आणि दोष मूळ लेखकाच्या माथी येतो.

नावांच्या घोळातूनही तुम्हीच वाचवलंत. अगाथा ख्रिस्तीची 1934 ची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' या नावानं निघाली होती. जुन्या पुस्तकांत असे जुळे पुष्कळ, म्हणून मुद्रणाच्या तपशिलाचं पान उघडून मूळ नाव आणि साल बघायचं. क्रमाचंही तसंच. तिच्या 1937 च्या 'डम्ब विटनेस'मध्ये तिचा गुप्तहेर पॉइरो बोलता बोलता आधीच्या चार गुन्हेगारांची नावं घेऊन जातो. म्हणून 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड', 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स' वाचून झाल्याशिवाय ती हातात घ्यायची नाही. ही यादी तुम्ही त्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे. त्यातल्या एका कादंबरीचा शेवट तर असा आहे की तो आधी कळला, तर नुकसान भरून येत नाही.

एकाच लेखकाची पाच पुस्तकं ओळीनं मागितली की तुम्ही दोनच देता आणि तिसरं दुसऱ्या जातीचं हातावर ठेवता. सुरुवातीला हे खटकतं. पण एका लेखकाचे चकवे सवयीचे झाले की संशयितांऐवजी आपण लेखकालाच ओळखू लागतो, आणि "ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही तोच" हे उत्तर आपोआप तोंडावर येतं. दोन कोड्यांच्या मध्ये कॉर्नेल वुलरिचनं विल्यम आयरिश या नावानं लिहिलेली 1942 ची 'फँटम लेडी' द्यायची, हा तुमचा आवडता उतारा. निरपराध माणसाला मृत्युदंड होणार आहे, आणि त्या मृत्युदंडाला किती दिवस उरले, हेच प्रकरणांचं शीर्षक. अनुक्रमणिका न बघण्याचा नियम इथे तुम्हीच मोडायला सांगता.

आणि उलगड्याच्या आधी पुस्तक मिटायचं. एलरी क्वीनच्या 1929 पासूनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत लेखक स्वतःच मध्ये थांबून वाचकाला आव्हान देतो, की आता सगळे पुरावे तुमच्यापुढे आहेत. इतर पुस्तकांत ती जागा आपणच ओळखायची: सगळ्यांना एका खोलीत बोलावलं गेलं की समजायचं. तिथे चिठ्ठीच्या मागे लिहायचं, कोण, का, कसं, आणि कुठल्या ओळीवरून. शेवटचा प्रश्न सगळ्यात कठीण. नुसतं नाव बरोबर येणं तुम्ही धरतच नाही, ओळ विचारता. त्यामुळेच दुसऱ्या वाचनाची चटक लागते.

इतकं सगळं सांगूनही आजवर कुठल्याही पुस्तकाचा शेवट तुमच्या तोंडून निसटलेला नाही. वाचक अंदाज सांगू लागला की तुम्ही तारखेचा शिक्का मारता आणि म्हणता, "परत करायला याल तेव्हा बोलू." चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. परत करायला आल्यावर मात्र खुर्ची पुढे ओढून ऐकता, चुकलेला अंदाजसुद्धा पूर्ण ऐकता. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

जुन्या पट्ट्या फाटत आल्या आहेत हे लक्षात आलं. सोबत दोन बोटं रुंदीच्या पन्नास पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. त्यावर काही लिहिलेलं नाही. अक्षर तुमचंच हवं.

आपले,
देवघेव विभागातले रहस्यकादंबऱ्यांचे वाचक